जंताचं औषध, शिंपले आणि गेलेली आठवण: कॅनडा, १९८७

नोव्हेंबर १९८७ संपत आलेला. पूर्व कॅनडात लोक हॉटेलात, घरी मसल्स खातायत. मसल्स म्हणजे गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्याच भावकीतले, फक्त तिकडचे निळे-काळे आणि थंड पाण्यातले. खाल्ल्यावर काही तासांत काही जणांना उलट्या, पोटात कळा, जुलाब. इथपर्यंत कुणालाच काही वाटलं नसेल, शेलफिश खाल्लं आणि पोट बिघडलं यात नवल काय. पण यातल्या काहींचं डोकं इतकं दुखायला लागलं की उठवेना, मग गोंधळल्यासारखं व्हायला लागलं, फिट्स यायला लागल्या, आणि जे शुद्धीवर होते त्यातल्या काहींची एक वेगळीच तक्रार, की आत्ता काय झालं ते आठवतच नाही. जुनं सगळं आठवतंय, बोलणं सरळ आहे, अक्कल जागेवर आहे, फक्त नवीन काही डोक्यात टिकत नाही.

फूड पॉयझनिंगने माणूस विसरभोळा होतो हे तोवर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. म्हणूनच ही केस मला परत परत वाचावीशी वाटते. मी काही वर्षं फूड टेस्टिंगच्या लॅबमध्ये काढलीयेत, आणि तिथे रोज ज्या एका पीककडे (peak, म्हणजे मशीनच्या आलेखावरचा टोकदार उंचवटा) बघायचो त्या पीकचा जन्म या प्रकरणात झालाय.

आधी आकडे उरकून टाकतो. अडीचशेच्या वर लोकांनी तक्रार केली, त्यातले १०७ जण डॉक्टरांनी ठरवलेल्या व्याख्येत बसले. उलट्या ७६ टक्के लोकांना, असह्य डोकेदुखी ४३ टक्के, आणि जवळजवळ चौथ्या हिश्श्याला आठवण जाण्याचा त्रास. १९ जण ॲडमिट, त्यातले १२ आयसीयूत, कुणाला फिट्स, कुणी कोमात, कुणाचं बीपी हाताला लागेना, कुणाच्या छातीत इतका चिकट स्राव की श्वास घेता येईना. मृत्यू तीन, काही लेखांत चार सापडतील कारण एक पेशंट मागाहून गेला. तरुणांचं बरंचसं पोटावर निभावलं, आठवण गेली ती मुख्यतः म्हाताऱ्यांची, आणि जे वयाने लहान असून सापडले त्यांना आधीपासून डायबिटीस नाहीतर किडनीचा आजार होता. हा किडनीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सगळ्यांच्या ताटातला कॉमन पदार्थ शोधायला फार वेळ लागला नाही. मसल्स, आणि तेही प्रिन्स एडवर्ड आयलंडचे. हे बेट म्हणजे कॅनडाचा सगळ्यात छोटा प्रांत, बटाटे आणि मसल्स यावर चालणारा. तिथे खाडीत दोऱ्या सोडून, जाळीच्या लांबलचक मोज्यांमध्ये मसल्स भरून वाढवतात. माग काढत गेल्यावर पूर्वेकडच्या कार्डिगन बे आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या मुखांपर्यंत धागा पोचला. डिसेंबरात आधी त्या मसल्सवर आणि मग पूर्ण अटलांटिक किनाऱ्यावरच्या शिंपल्यांवरच विक्रीबंदी आली. हे ऐन नाताळाच्या तोंडावर, म्हणजे शेती करणाऱ्यांच्या पोटावर पाय. विष कसलं आहे हे कळल्याशिवाय बंदी उठवता येणार नव्हती, कारण टेस्ट कशाची करायची तेच माहीत नव्हतं.

आणि मसल्स दिसायला कसे होते? एकदम झकास. ताजे, जिवंत, वाफेवर टाकले की छान उघडणारे. आमची आई तिसऱ्या शिजवताना एकही मिटलेली राहिली की उचलून फेकते, आणि कुटुंबातल्या सगळ्यांचा त्या नियमावर गाढ विश्वास आहे. नियम चांगलाच आहे, मेलेली शिंपली खाऊ नये, पण अशा विषापुढे तो काहीच करू शकत नाही. शिंपल्याला स्वतःला त्याने काही होत नाही. आणि उकळलं की सगळं मरतं हेही इथे लागू नाही, कारण मारायला जिवंत काही नाहीच, तो एक साधा, पाण्यात विरघळणारा, उष्णतेला दाद न देणारा रेणू आहे, फार तर थोडा उकळलेल्या पाण्यात उतरतो, आणि ते पाणी आपण रस्सा म्हणून पितो.

आता उंदराकडे येऊ. शेलफिशमधलं विष बघायची त्या काळातली रीत अशी, की मांसाचा अर्क करायचा, वीस ग्रॅमच्या आसपासच्या पांढऱ्या उंदराच्या पोटात एक मिलिलिटर टोचायचा आणि स्टॉपवॉच लावायचं. ही टेस्ट बनवलेली पीएसपीसाठी, म्हणजे सॅक्सिटॉक्सिन या लुळं पाडणाऱ्या विषासाठी. ते असलं तर उंदीर धापा टाकतो, उड्या मारतो, लुळा पडतो आणि काही मिनिटांत मरतो, किती मिनिटांत मेला त्यावरून विष किती होतं ते तक्त्यात बघायचं. कॅनडातले हे उंदीर मेले, पण असे नाही मेले. त्यांनी आधी मागचा पाय उचलून स्वतःचा खांदा खाजवायला सुरुवात केली. नुसतं खाजवणं नाही, परत परत, त्याच जागी, थांबतच नाहीत, खांदा आणि कान यांच्या मधे पाय चाललेला. त्यानंतर आकडी, मग मृत्यू.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त कौतुक कुणाचं असेल तर ज्याने हे खाजवणं नोंदवलं त्याचं. कारण टेस्टच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. फॉर्मवर वेळ लिहायची असते. लॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही माहीत असेल, दिवसाला पन्नास सॅम्पल असले की माणूस रकाना भरतो आणि पुढे जातो. इथे कुणीतरी बघितलं की मेला हे खरं पण मरण्याची तऱ्हा वेगळी आहे, म्हणजे विष वेगळं आहे. पीएसपीचं गाडं तिथेच थांबलं, आणि वर फुकटात एक खूण हाताला लागली, आता मसल्सच्या अर्काचे कितीही तुकडे करा, ज्या तुकड्याने उंदीर खांदा खाजवेल तो आपला.

काम आलं हॅलिफॅक्सला, नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या लॅबमध्ये. जेफ्री राइट आणि मायकेल क्विलियम ही त्यातली नावं पुढे गाजली. पद्धत अगदी सरळ. एका बाजूला विषारी मसल्स, दुसऱ्या बाजूला चांगले मसल्स, दोघांवर सगळ्या पायऱ्या सेम करायच्या आणि प्रत्येक पायरीला उंदराला विचारायचं. तेलात जाणारा भाग की पाण्यात? पाण्यात. मग कॉलममधून, मग एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगवेगळे करून आलेखावर दाखवणाऱ्या मशीनवर. शेवटी एका बाजूला एक पीक उभं आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी सपाट रेघ. ते पीक गोळा केलं, टोचलं, उंदराने खांदा खाजवला. त्या पीकमधला पदार्थ २४२ नॅनोमीटरचा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतो, म्हणजे रेणूत एकाआड एक असे दोन डबल बाँड शेजारी शेजारी असणार. रेणूचं वजन ३११. पंधरा कार्बन, एकवीस हायड्रोजन, एक नायट्रोजन, सहा ऑक्सिजन. एनएमआर काढला, ज्यातून रेणूची रचना कळते, जुनी जर्नल्स चाळली आणि नाव सापडलं. हे सगळं सुरुवातीपासून १०४ तासांत. साडेचार दिवसही नाहीत. आमच्याकडे एक कॉलम मागवायचा तर पर्चेस ऑर्डरला याहून जास्त दिवस लागायचे, असो.

सापडलेलं नाव होतं डोमोइक ॲसिड. आणि आता खरी गंमत.

डोमोइक ॲसिड नवीन नव्हतंच. जपानच्या दक्षिणेला तोकुनोशिमा नावाचं बेट आहे, तिथले लोक एका लाल समुद्री शेवाळाला आपल्या बोलीत डोमोई म्हणतात, शास्त्रीय नाव कॉन्ड्रिया आर्माटा. पोटातल्या जंतांवर हे शेवाळ द्यायचे. १९५८ साली ताकेमोतो आणि दाइगो यांनी त्यातून हा रेणू वेगळा काढला आणि गावाच्या शब्दावरूनच त्याचं नाव ठेवलं. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, दुसऱ्या एका लाल शेवाळातून त्याचा धाकटा भाऊ निघाला होता, काइनिक ॲसिड, तोही जंताचंच औषध. म्हणजे तिकडे एक पिढी हे पोरांना जंतासाठी देत होती आणि इकडे त्यानेच म्हातारी माणसं आयसीयूत.

वाचणाऱ्याला साहजिकच वाटेल की मग जपानी पोरांना काही कसं झालं नाही. डोसचा हिशेब करून बघा. जंतासाठी दिलेले डोस साधारण २० मिलीग्रॅमचे नोंदवलेत. पेशंटच्या ताटात उरलेल्या मसल्सवरून जो हिशेब निघाला तो ६० ते २९० मिलीग्रॅमचा, कारण सगळ्यात वाईट मसल्समध्ये एका ग्रॅम मांसात ९०० मायक्रोग्रॅमपर्यंत विष होतं, तीनशे ग्रॅमची एक प्लेट खाल्ली की २७० मिलीग्रॅम पोटात. शिवाय तोंडावाटे घेतलेल्यातलं थोडंच रक्तात उतरतं, आणि जे उतरतं ते शरीर मोडत वगैरे नाही, किडनी जसंच्या तसं लघवीतून बाहेर टाकते. पोराची किडनी ठणठणीत. सत्तरीच्या माणसाची, त्यातून डायबिटीस असलेल्याची, तितकी नाही, तिथे तेच विष रक्तात घुटमळत राहतं आणि मेंदूपर्यंत जायला त्याला वेळ मिळतो. वर सांगितलेला किडनीचा मुद्दा तो हाच.

मेंदूत गेल्यावर काय करतं हे समजायला घराणं बघावं लागतं. ग्लुटामेट हा आपल्या मेंदूतला रोजचा निरोप्या, एका पेशीने सोडला की पुढची पेशी जागी होते, मग तो लगेच उचलला जातो. काइनिक ॲसिड म्हणजे हाच ग्लुटामेट, पण एका पाच कोनी रिंगमध्ये पक्का आवळलेला. साधा ग्लुटामेट कसाही वाकतो-वळतो, हा रिंगमध्ये अडकल्यामुळे एकाच ऐटीत उभा राहतो, आणि नेमकी ती ऐट रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या कुलपाला, बसते. ज्या रिसेप्टरला बसतो त्याचं नावच पुढे काइनेट रिसेप्टर पडलं. डोमोइक ॲसिडची रिंग तीच, फक्त शेपूट लांब, त्यात ते दोन डबल बाँड आणि टोकाला आणखी एक ॲसिडचा गट, आणि पकड काइनिकपेक्षाही घट्ट. निरोप्या आला, बेल वाजवली आणि बोट काढलंच नाही, असा प्रकार. पेशी सारखी पेटलेली, कॅल्शियम आत घुसत राहतं आणि शेवटी पेशीच मरते. हिप्पोकॅम्पसमध्ये हे रिसेप्टर दाट, आणि नवीन आठवण पक्की करण्याचं काम हिप्पोकॅम्पसचं. गेलेल्या चार पेशंटचे मेंदू तपासले तेव्हा हिप्पोकॅम्पस आणि शेजारच्या अमिग्डालामध्ये पेशी मेलेल्या दिसल्या.

यातली चुटपुट लावणारी गोष्ट ही, की मेंदूवर काम करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. काइनिक ॲसिड उंदरांच्या मेंदूत सोडून ठरावीक पेशी जाळायचा प्रयोग सत्तरच्या दशकापासून चालू होता, त्याने हिप्पोकॅम्पस जातो, फिट्स येतात, सगळं छापलेलं. डोमोइक त्याहून तिखट आहे हेही छापलेलं. औषधवाल्यांच्या कपाटात ते जंताचं औषध होतं, मेंदूवाल्यांच्या कपाटात पेशी जाळायचं हत्यार, आणि शेलफिशवाल्यांच्या कपाटात त्या नावाची बरणीच नव्हती. अजून एक, १९८६ मध्ये, म्हणजे या प्रकरणाच्या बरोब्बर आदल्या वर्षी, जपानमध्ये त्याच डोमोई शेवाळातून आयसोडोमोइक ॲसिड ए, बी आणि सी अशी तीन भावंडं काढून त्यांचा कीटकांवरचा परिणाम छापून आला होता. माहिती सगळी जगात होती, पण कार्डिगन बेच्या मसल्सशी तिचा काही संबंध असेल असं कोण कशाला म्हणेल.

पेशंटचं पुढे काय झालं ते थोडक्यात. फिट्स फेनिटॉइन या फिट्सवरच्या औषधाला दाद देत नव्हत्या, डायझेपाम आणि फेनोबार्बिटालने आटोक्यात आल्या, काही आठवड्या-महिन्यांत थांबल्या. काहींची आठवण हळूहळू परत आली, काहींची नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांची केस वेगळी छापलेली आहे, ते सावरले, वर्षभर फिट नाही, आणि मग टेम्पोरल लोब एपिलेप्सी, म्हणजे मेंदूच्या ज्या भागात हिप्पोकॅम्पस असतो तिथून उठणारी फिट, सुरू झाली. सुमारे तीन वर्षांनी ते गेले तेव्हा मेंदूत हिप्पोकॅम्पस आक्रसलेला निघाला. एका जेवणाची किंमत.

आता राहिलं, हे मसल्समध्ये आलं कुठून. पहिला संशय अर्थात लाल शेवाळावर. कॉन्ड्रियाची एक जात त्या किनाऱ्यावर सापडलीही, तिच्यात थोडं डोमोइकही निघालं, आणि बहुतेक लोक इथेच फाइल बंद करून घरी गेले असते. पण मसल्स काही शेवाळ चरत नाहीत, ते पाणी गाळून खातात. मग त्यांचं पोट उघडून बघितलं, तर पचनग्रंथी हिरवीगार, आणि सूक्ष्मदर्शकाखाली खच्चून भरलेल्या लांब, सुईसारख्या पेशी, टोकाला टोक जोडून माळ केलेल्या. हा डायटम होता, काचेच्या कवचातली एकपेशीय वनस्पती म्हणा, आज त्याला प्सूडो-नित्झिया मल्टिसिरीज म्हणतात. त्या वर्षी शरदात खाडीत त्याचा फुलोरा आलेला, म्हणजे तो बेसुमार वाढलेला. स्टीफन बेट्स आणि मंडळींनी तो लॅबमध्ये वाढवून दाखवलं की डोमोइक हाच बनवतो, आणि विशेषतः वाढ थांबल्यावर, सिलिका किंवा फॉस्फेट संपत आलं की जास्त. तोपर्यंत डायटम म्हणजे समुद्रातलं गवत, माशांचं बेस्ट खाद्य, त्यात विष असतं असं कुणी म्हटलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं.

शिंपल्यांत डोमोइक किती चालेल याची मर्यादा ठरली ती कॅनडातच, एक किलो मांसात २० मिलीग्रॅम. आजही बहुतेक जग हाच आकडा वापरतं, युरोपला शिंपले पाठवायचे तर हाच बघतात. तीनशे ग्रॅमच्या प्लेटमागे ६ मिलीग्रॅम होतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला वजनाच्या किलोमागे ०.१ मिलीग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये परत हिशेब मांडला, चारशे ग्रॅम खाणारा माणूस धरला आणि सुरक्षित पातळी एक किलो मांसात ४.५ मिलीग्रॅमवर आणून ठेवली, पण कायद्यातला आकडा २०च राहिला. माझं मत विचाराल तर किडनीचा त्रास असलेल्या घरातल्या म्हाताऱ्यासाठी मी ४.५ वाला आकडा धरेन.

लॅबमध्ये हे पीक बघताना दोन गोष्टींनी फसायला होतं. एक म्हणजे ट्रिप्टोफॅन. हे साधं अमायनो ॲसिड, सगळ्या मांसात असतं, आणि एचपीएलसीवर डोमोइकच्या अगदी बाजूला येऊन बसतं. मी सुरुवातीला एकदा स्वच्छ सॅम्पलला पॉझिटिव्ह म्हणून बसलो होतो, सीनियरने काही न बोलता फक्त स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला त्याचा आलेख, उघडून दाखवला, कळस २४२ला नाही तर २८०च्या बाजूला. कान लाल झाले माझे. दुसरी गोष्ट म्हणजे भावंडं. अर्क उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली राहिला की शेपटीतले डबल बाँड फिरतात आणि आयसोडोमोइक डी, ई, एफ तयार होतात, गरम केलं किंवा बरेच दिवस ठेवलं की एपी-डोमोइक. सगळ्यांचं वजन तेच ३११, पीक जरा पुढेमागे. आयसो भावंडं रिसेप्टरला तितकी घट्ट धरत नाहीत, म्हणून विषही कमी. एपीचा प्रश्न वेगळा, तो डोमोइकमधूनच झालेला असतो, त्यामुळे रिपोर्ट करताना दोघांची बेरीज लिहायची, नाहीतर जुनं सॅम्पल उगाच निर्दोष सुटतं. आमच्याकडे म्हणून बाटल्या तपकिरी आणि फ्रिजला चिठ्ठी, दार लावा.

ही आयसो मंडळी मी बरीच वर्षं डोमोइकची बिघडलेली पोरं समजत होतो. मग २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या ब्रॅडली मूर यांच्या गटाने डायटममधले जीन्स शोधून काढले. पेशी आधी ग्लुटामेटला एक दहा कार्बनची शेपटी चिकटवते, मग ती शेपटी ऑक्सिजन लावून ॲसिड करून घेते, मग रिंग आवळते, आणि रिंग आवळल्यावर जो पहिला रेणू हातात येतो तो डोमोइक नसून आयसोडोमोइक ए असतो. डोमोइक त्याच्यानंतर. म्हणजे निदान ए तरी पोर नाही, बाप निघाला.

आणि हे विष १९८७ला पहिल्यांदा आलं असंही नाही. १९६१च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे बेच्या काठावर, कॅपिटोला गावात, एका रात्री हजारो समुद्रपक्षी वेड्यासारखे घरांवर, दिव्यांवर येऊन आदळले होते. धुकं असेल, वाट चुकले असतील, असं म्हणून ते प्रकरण मिटलं. त्या उन्हाळ्यात खाडीत जाळी ओढून पकडलेला प्लँक्टन मात्र कुणीतरी बरण्यांमध्ये जपून ठेवला होता. पन्नास वर्षांनी, कशासाठी बघायचं हे माहीत झाल्यावर, बरण्या उघडल्या आणि त्यातल्या बारक्या जीवांची पोटं तपासली. आत प्सूडो-नित्झियाच्या सुया होत्या.